धारेवरचा लेप : कर्तन-हत्यारांची झीज आणि तिला अडवणारे पातळ थर

लेथवर फिरणाऱ्या पोलादी दांडीला हत्याराची धार लागते, तेव्हा धातू सुरीखालच्या लोण्यासारखा अलगद दुभंगत नाही. धारेसमोरचा धातू आधी चेपला जातो, एका अरुंद पट्ट्यात थरावर थर घसरावा तसा विरूप होतो आणि मूळ जाडीपेक्षा जाड झालेल्या चिपच्या रूपाने हत्याराच्या वरच्या पृष्ठाला घासत बाहेर पडतो. धारेपासून जेमतेम एक-दोन मिलिमीटरपर्यंत पसरलेल्या या संपर्कपट्ट्यात दाब एक गिगापास्कलच्या वर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० टनांहून अधिक असतो, आणि पोलाद वेगाने कापताना तेथील तापमान ८०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. शिवाय चिपचा खालचा पृष्ठभाग त्याच क्षणी जन्मलेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडलेली नसते, त्यावर ऑक्साइडची साय धरलेली नसते, आणि म्हणून हत्याराच्या द्रव्याशी संयोग करण्यास तो कमालीचा उत्सुक असतो. मिनिटाला २०० मीटर या वेगाने १५ मिनिटे काम चालले, तर धारेखालून ३ किलोमीटर लांबीचा धातू सरकलेला असतो. एवढा मारा सोसणाऱ्या धारेचे रक्षण आज जे करते, ते माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शापासून पाचव्या हिश्शापर्यंत जाडीचे एक कवच असते. हे कवच कठीण असते म्हणून ते टिकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. या लेपांचा पन्नासेक वर्षांचा विकास पाहिला, तर कठिनतेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व रासायनिक अलिप्ततेला आणि लेप व हत्यार यांच्यातील सांध्याला आहे, हे स्पष्ट होत जाते.

धार झिजते म्हणजे काय होते

कर्तन-हत्याराची झीज प्रामुख्याने दोन जागी दिसते. कापून निघालेल्या पृष्ठभागाला घासणाऱ्या बाजूच्या पृष्ठावर धारेलगत एक चकचकीत, सपाट पट्टी तयार होते; तिला पार्श्वझीज म्हणतात. चिप ज्यावरून वाहते त्या वरच्या पृष्ठावर, धारेपासून किंचित मागे, वाटीसारखा खळगा पडतो. त्याला खळगाझीज असे म्हणता येईल. पार्श्वझीज सावकाश आणि बऱ्याच अंशी एकसारखी वाढते, तिच्यामुळे जॉबचे माप आणि पृष्ठाची सफाई बिघडत जाते. खळगा मात्र खोल होता होता धारेच्या मागची भिंत पोखरतो आणि एखाद्या क्षणी धारच ढासळते. आयएसओ ३६८५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टर्निंगच्या चाचणीत पार्श्वझीजेच्या पट्टीची सरासरी रुंदी ०.३ मिलिमीटर झाली, की हत्याराचे आयुष्य संपले असे धरतात.

या दोन्ही खुणांमागे काम करणाऱ्या यंत्रणा निरनिराळ्या आहेत. पोलादातील किंवा बिडातील कठीण कण वाळूच्या कागदासारखे धारेला ओरखडतात, हे अपघर्षण होय. कापला जाणारा धातू धारेला चिकटतो आणि निखळताना हत्याराचे कणही ओढून नेतो, ही आसंजनाची झीज होय. उच्च तापमानाला हत्यारातील अणू थेट चिपमध्ये विरघळून वाहून जातात, याला विसरण म्हणतात. आणि हवेचा शिरकाव होतो तेथे हत्याराचे द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावून भुसभुशीत होते, ही ऑक्सिडीभवनाची झीज होय. कमी वेगाला पहिल्या दोन यंत्रणांचे राज्य असते, तर वेग वाढला की तापमान वाढते आणि उरलेल्या दोन पुढे सरसावतात. कठिनता मुख्यतः अपघर्षणाला उत्तर देते. विरघळण्याला आणि ऑक्सिजनला तिच्यापाशी उत्तर नसते.

वेग आणि आयुष्य यांचे नाते अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी १९०६ साली मांडलेल्या दीर्घ प्रबंधात सूत्रबद्ध केले. कर्तनवेग आणि आयुष्याचा एक ठरावीक घात यांचा गुणाकार स्थिर राहतो, असे ते सूत्र आहे. हाय-स्पीड स्टीलसाठी हा घातांक साधारण एक-अष्टमांश, तर कार्बाइडसाठी एक-चतुर्थांशाच्या आसपास येतो. याचा अर्थ असा, की कार्बाइडच्या हत्याराचा वेग दुप्पट केला, तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, ते सोळाव्या हिश्शावर येते. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली, तर लेपांचे महत्त्व कळते : तेवढ्याच आयुष्यात पेलणारा वेग एखाद्या लेपाने २० टक्क्यांनी वाढवला, तर पूर्वीच्याच वेगावर चालवलेले हत्यार दुपटीहून थोडे अधिक टिकते. कारखान्याच्या हिशेबात हत्याराची किंमत तशी लहान असते. मशीनचा तास महाग असतो आणि हत्यार बदलण्यासाठी थांबलेले मशीन त्याहून महाग पडते.

कठिनता आणि चिवटपणा यांचे वैर

कठिनता म्हणजे ठसा किंवा ओरखडा उमटू न देण्याचा गुण आणि चिवटपणा म्हणजे तडा गेलाच तर तो पसरू न देण्याचा गुण. हत्याराला दोन्ही हवे असतात, पण निसर्गात हे दोन गुण एका द्रव्यात सहसा नांदत नाहीत. टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कंपनीत विकसित केलेले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगासमोर आलेले हाय-स्पीड स्टील चिवट होते, पण सुमारे ६०० अंशांपलीकडे ते मऊ पडू लागे. १९२३ मध्ये बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड कोबाल्टसारख्या धातूत बांधून भाजण्याची कृती पेटंट केली. दिव्यातील टंगस्टनची तार ओढण्यासाठी लागणाऱ्या हिऱ्याच्या साच्यांना पर्याय शोधताना ती सापडली होती. क्रुप कंपनीने हे द्रव्य ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या ‘वी डायमांट’ या जर्मन शब्दांवरून ‘विडिया’ या नावाने १९२७ च्या लाइपझिग जत्रेत मांडले. ते नाव महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांत इतके रुळले आहे, की कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला आजही ‘विडिया’ म्हटले जाते आणि भिंतीला भोक पाडणारे ड्रिल मागतानाही हाच शब्द ऐकू येतो.

टंगस्टन कार्बाइड बिडावर उत्तम चालले, पण पोलादावर त्याला खळगे पडू लागले. कारण रासायनिक होते : टंगस्टन कार्बाइड तापलेल्या लोहात सहज विरघळते आणि पोलादाची सलग चिप त्याला वाहून नेते. मिश्रणात टायटॅनियम व टँटॅलम यांची कार्बाइडे मिसळली की ही झीज घटते, हे १९३० च्या सुमारास ध्यानात आले आणि पोलादासाठी वेगळी कार्बाइडे बनू लागली. मात्र टायटॅनियम कार्बाइडचे प्रमाण वाढवावे तसा चिवटपणा कमी होई, आणि धक्का बसताच धारेचा टवका उडे. पुढची तीस-पस्तीस वर्षे हत्यार बनवणारे या तागडीत थोडे इकडे, थोडे तिकडे करत राहिले.

लेपाची कल्पना ही या कोंडीतून निघालेली वाट होती. खळगा फक्त पृष्ठभागावर पडतो, तर त्याला विरोध करणारे द्रव्य अख्ख्या हत्यारात मिसळण्याची गरजच काय? गाभा चिवट ठेवावा आणि न विरघळणारे द्रव्य केवळ पृष्ठावर, काही मायक्रॉन जाडीत चढवावे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकाच द्रव्याकडून दोन परस्परविरोधी कामे करून घेण्याऐवजी ती दोन द्रव्यांत वाटून देण्याचा हा विचार होता.

वायूतून उगवणारा थर

१९६९ मध्ये स्वीडनच्या सँडविक कंपनीने टायटॅनियम कार्बाइडचा लेप दिलेली कार्बाइड इन्सर्ट बाजारात आणली. जर्मनीतही याच सुमारास असे प्रयत्न फळाला आले होते. इन्सर्ट म्हणजे हत्याराच्या दांड्यावर स्क्रूने बसवायची, अनेक कोपऱ्यांची छोटी वडी. एक कोपरा झिजला की वडी फिरवून दुसरा कोपरा वापरायचा. ती दांड्याला ब्रेझ केलेली नसल्यामुळे आणि पुन्हा धार लावून वापरायची नसल्यामुळे लेपासाठी ती अगदी सोयीची होती. याच स्वीडिश कंपनीचा पुण्यात दापोडीचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे.

हे लेप ज्या पद्धतीने चढवले जात, तिला रासायनिक बाष्प निक्षेपण, किंवा शॉपमधल्या बोलीत ‘सीव्हीडी’, म्हणतात. सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत इन्सर्टांच्या थाळ्या रचलेल्या असतात. टायटॅनियम टेट्राक्लोराइड या द्रवाची वाफ हायड्रोजनच्या प्रवाहातून आत सोडली जाते आणि तिच्यासोबत मिथेन दिला, तर तापलेल्या पृष्ठावर टायटॅनियम आणि कार्बन एकत्र येऊन टायटॅनियम कार्बाइडचे स्फटिक उगवू लागतात. उरलेला हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर निघताना अल्कलीने शमवावा लागतो. वायू प्रत्येक सांदीकोपऱ्यात पोहोचत असल्यामुळे लेप सगळीकडे सारखा बसतो, आणि तापमान इतके उच्च असल्यामुळे लेपाचे व कार्बाइडचे अणू सीमेवर एकमेकांत काही अंशी मिसळून सांधा घट्ट होतो.

लेपाची कठिनता विकर्स मापनात सुमारे ३,००० होती, तर खालच्या कार्बाइडची साधारण १,५००. त्यामुळे यशाचे श्रेय आधी कठिनतेला दिले जाई. पण १९७० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या लेपाने ही समजूत डळमळली. हे ऑक्साइड टायटॅनियम कार्बाइडपेक्षा कमी कठीण असूनही वेगाने पोलाद कापताना त्यावर खळगा फारच मंद गतीने पडे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील क्रेमर आणि सुह यांनी १९८० मध्ये या कोड्याचे गणिती उत्तर मांडले : उच्च वेगाला झीज मुख्यतः हत्याराच्या द्रव्याच्या लोहातील विद्राव्यतेवर ठरते, आणि ती विद्राव्यता त्या द्रव्याचे अणू एकमेकांना किती घट्ट बांधलेले आहेत यावर ठरते. टंगस्टन कार्बाइड सहज विरघळते, टायटॅनियम कार्बाइड त्याहून पुष्कळ कमी, टायटॅनियम नायट्राइड आणखी कमी, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड जवळजवळ नाहीच. चिपला जे विरघळवता येत नाही, ते तिला वाहूनही नेता येत नाही.

उच्च तापमानाची किंमतही मोजावी लागली. सुरुवातीच्या लेपांत टायटॅनियमला लागणारा कार्बन काही अंशी खालच्या कार्बाइडमधूनच खेचला जाई आणि सांध्यापाशी टंगस्टन, कोबाल्ट व कार्बन यांचे एक ठिसूळ संयुग तयार होई. दुसरी अडचण थंड होताना येई. टंगस्टन कार्बाइड तापमानानुसार फार कमी प्रसरण पावते, लेप मात्र अधिक पावतो. म्हणून हजार अंशांवरून खाली येताना लेप अधिक आकसू पाहतो, खालचा पाया त्याला आकसू देत नाही, आणि ताणलेल्या लेपात उन्हाने भेगाळलेल्या शेतासारखे बारीक तड्यांचे जाळे पडते. सलग कापताना हे तडे फारसे नडत नाहीत. पण मिलिंगसारख्या कामात दात आत-बाहेर होताना प्रत्येक खेपेस धक्का बसतो, आणि तेथे हेच तडे खोलवर पसरतात.

यावर तीन उपाय रुळले. मिथेनऐवजी ॲसिटोनायट्राइल हे कार्बन व नायट्रोजन दोन्ही पुरवणारे संयुग वापरून टायटॅनियम कार्बोनायट्राइडचा थर ८५० अंशांच्या आसपासच चढवता येऊ लागला. कार्बाइड भाजतानाच पृष्ठालगतच्या वीसेक मायक्रॉनच्या पट्ट्यात कोबाल्टचे प्रमाण वाढवण्याची युक्ती सापडली, त्यामुळे लेपातून खाली उतरणारा तडा या चिवट पट्ट्यात येऊन थांबतो. आणि लेप चढल्यानंतर पाण्यातून बारीक कणांचा मारा करून पृष्ठावरचा ताण उतरवला जाऊ लागला. आजच्या टर्निंग इन्सर्टवर सर्वांत खाली टायटॅनियम नायट्राइडची पातळ पकड, तिच्यावर कार्बोनायट्राइडचा जाड व अपघर्षणाला तोंड देणारा थर, त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा उष्णतेला व रसायनाला अडवणारा थर, आणि सर्वांत वर पुन्हा सोनेरी नायट्राइड अशी उतरंड आढळते. पुष्कळ इन्सर्टांच्या वरच्या पृष्ठावरचे सोनेरी साल मुद्दाम काढून टाकलेले असते. काळ्या माथ्याच्या त्या वडीची बाजू तेवढी सोनेरी राहते, आणि कोणता कोपरा वापरून झाला आहे हे कामगाराला नुसत्या नजरेने कळते.

सोनेरी ड्रिलचे रहस्य

हाय-स्पीड स्टीलच्या ड्रिलांना आणि गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबना हे वरदान लाभत नव्हते, कारण त्यांचे पाणी साधारण ५५० अंशांना उतरवलेले असते आणि हजार अंशांच्या भट्टीत त्यांची सगळी उष्णता-प्रक्रिया वाया जाते. त्यांच्यासाठी भौतिक बाष्प निक्षेपण, म्हणजे ‘पीव्हीडी’, ही पद्धत उपयोगी पडली. हिच्यात धातू वायुरूप संयुगातून येत नाही. निर्वात पात्रात घन धातूच्या ठोकळ्यातून अणू उखडून काढले जातात आणि २०० ते ५०० अंशांना हत्यारावर बसवले जातात. १९८० च्या सुमारास टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप चढवलेली ड्रिल व हॉब बाजारात आली, आणि दुकानातील काचेच्या कपाटात तो रंगच जाहिरात ठरला. हा रंग टायटॅनियम नायट्राइडचा स्वतःचा आहे, त्यात सोन्याचा लवलेश नाही. घड्याळांच्या पट्ट्यांवर आणि नळांवरही हाच थर शोभेसाठी दिला जातो.

अणू उखडण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत विद्युत् ठिणगीचा उपयोग होतो. सोव्हिएत काळात खारकीव येथील भौतिकी व तंत्रशास्त्र संस्थेत तिचा मोठा विकास झाला. टायटॅनियमच्या ठोकळ्यावर काही मायक्रॉन आकाराचा, डोळे दिपवणारा ठिपका सैरावैरा धावत असतो; शंभरेक अँपिअर प्रवाह त्या ठिपक्यात एकवटतो आणि धातूची तत्क्षणी वाफ होते. या वाफेतील बहुतेक अणू विद्युत्‌भारित, म्हणजे आयनरूप असतात. हत्याराला ऋण विद्युत्‌दाब दिलेला असल्यामुळे ते त्याच्यावर जोराने आदळतात, पात्रात सोडलेल्या नायट्रोजनशी संयोग पावतात आणि ठोकून बसवल्यासारखा दाट थर तयार होतो. या रीतीचा दोष असा, की वाफेबरोबर वितळलेल्या धातूचे सूक्ष्म थेंबही उडतात आणि लेपावर पुटकुळ्या उठतात. दुसरी रीत कणक्षेपणाची आहे. तीत आर्गॉनचे आयन ठोकळ्यावर आदळवून एकेक अणू उडवला जातो. थेंब नसल्यामुळे हा लेप अधिक गुळगुळीत असतो, पण आयनांचे प्रमाण कमी पडते. ती उणीव भरून काढण्यासाठी अतिशय तीव्र व अल्पकाळ टिकणारे विद्युत्‌स्पंद वापरण्याचे तंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या लिंशपिंग विद्यापीठात पुढे आले.

आयनांच्या या सततच्या माऱ्यामुळे पीव्हीडी लेपात ताणाऐवजी दाब साठतो. दाबाखालचा थर तडा उघडू देत नाही, म्हणून हे लेप तुटक कापणाऱ्या मिलिंग कटरांना आणि तीक्ष्ण धारेच्या ड्रिलांना मानवतात. पण हा दाब जाडीबरोबर वाढत जातो आणि कडेला लेप स्वतःच उचलला जाऊन उडतो. म्हणून पीव्हीडी लेप सहसा २ ते ५ मायक्रॉनांच्या आत ठेवतात, तर सीव्हीडीचे थर मिळून १५-२० मायक्रॉनांपर्यंत जातात. जाड थर बसावा म्हणून सीव्हीडी इन्सर्टची धार आधी काही दहा मायक्रॉनांच्या त्रिज्येने बोथट करून घ्यावी लागते. सफाईदार फिनिशिंगला धार तीक्ष्ण हवी असेल, तर अर्थातच पातळ लेप निवडला जातो.

उष्णतेचाच उपयोग करून घेणारा लेप

टायटॅनियम नायट्राइडची मर्यादा ५०० ते ५५० अंशांना येते. त्यापुढे ते हवेत टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये बदलू लागते; हे ऑक्साइड अधिक जागा व्यापते, सच्छिद्र असते आणि पापुद्रे सुटून निघून जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यास नायट्राइडमधील टायटॅनियमच्या काही अणूंच्या जागी ॲल्युमिनियमचे अणू बसवण्यात आले. जर्मन संशोधक म्युंट्स यांचा १९८६ चा निबंध या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा हा जांभळट करडा लेप तापला, की पृष्ठावरचा ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी संयोग पावून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिपातळ व दाट आवरण धरतो, आणि ते आवरणच पुढचा ऑक्सिजन आत येऊ देत नाही. त्यामुळे मर्यादा सुमारे ८०० अंशांपर्यंत सरकली. जखमेवर खपली धरावी तसे हे आवरण झिजले तरी पुन्हा धरते.

या द्रव्याचे दुसरे वैशिष्ट्य २००३ च्या सुमारास ऑस्ट्रियातील लेओबेन आणि स्वीडनमधील लिंशपिंग येथील संशोधकांनी उलगडले. टायटॅनियम नायट्राइड व ॲल्युमिनियम नायट्राइड ही दोन संयुगे समतोल अवस्थेत एकमेकांत मिसळत नाहीत. कमी तापमानाला आयनांच्या माऱ्याखाली ती सक्तीने एका घनाकृती स्फटिकात कोंडलेली असतात. कापताना लेप ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापला, की अणूंना हालचालीची मुभा मिळते आणि काही नॅनोमीटर आकाराचे, एका धातूने समृद्ध असे प्रदेश वेगळे होऊ लागतात. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. या प्रदेशांच्या सीमांवरील विकृतीमुळे स्फटिकातील घसरण अडते आणि लेपाची कठिनता वाढते. बहुतेक हत्यार-द्रव्ये उष्णतेने मऊ पडतात, हे मात्र काम करता करता अधिक कठीण होते. तापमान आणखी वाढले, तर ॲल्युमिनियम नायट्राइड आपल्या मऊ षट्कोनी रूपात जाते आणि फायदा संपतो. म्हणूनच या लेपांत धातू-अणूंपैकी ॲल्युमिनियमचा वाटा साधारण दोन-तृतीयांशापलीकडे नेत नाहीत. ॲल्युमिनियम आणि क्रोमियम यांच्या नायट्राइडांनी पुढे ऑक्सिडीभवनाची मर्यादा १,००० अंशांपलीकडे नेली.

कठिनतेचा पाठपुरावा थांबला असे मात्र नव्हे. १९८७ मध्ये लिंशपिंगच्या हेल्मरसन आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम नायट्राइड व व्हॅनेडियम नायट्राइड यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटून पालटून रचले, तेव्हा दोहोंपैकी कोणत्याही एका द्रव्यापेक्षा दुपटीहून अधिक कठिनता त्यांना आढळली. १९९५ मध्ये स्टान वेप्रेक यांनी नायट्राइडचे नॅनोस्फटिक सिलिकॉन नायट्राइडच्या अस्फटिकी गिलाव्यात बसवण्याची रचना मांडली. कणांच्या सीमा जितक्या जवळ, तितके तड्याला आणि घसरणीला पुढे जाणे अवघड, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. आजच्या अनेक व्यापारी लेपांत अशा शेकडो थरांची चळत असते.

सांधा : सर्व गुणांची कसोटी

लेप कितीही उत्तम असला, तरी तो हत्याराला धरून राहिला नाही तर उपयोग शून्य, आणि निसटलेला पापुद्रा वाळूच्या कणासारखा धार उलट लवकर खातो. म्हणून लेपन-केंद्रातील वेळेचा मोठा भाग लेप चढवण्यात जात नाही, तो पृष्ठ स्वच्छ करण्यात जातो. हत्यारे अल्कली द्रावणात ध्वनिलहरींच्या साहाय्याने धुतली जातात, शुद्ध पाण्याने खळबळली जातात, गरम हवेत वाळवली जातात, आणि त्यानंतर त्यांना उघड्या हाताने कोणी स्पर्श करत नाही, कारण बोटाच्या ठशातले तेलसुद्धा तेवढ्या जागी लेप सुटायला पुरते. धार लावताना चाकाच्या उष्णतेने करपलेला पृष्ठभाग किंवा कडेला उरलेली बर, म्हणजे धातूची बारीक कोर, राहून गेली, तर लेप त्या कच्च्या जमिनीवरच बसतो आणि तिच्यासकट निघून येतो. पात्रात निर्वात झाल्यावर आर्गॉनच्या आयनांनी पृष्ठ पुन्हा खरवडला जातो, आणि मगच पहिला अणू बसतो. पीव्हीडीत अणू सरळ रेषेत येत असल्यामुळे हत्यारे तिहेरी गतीने फिरवावी लागतात. आधाराची थाळी फिरते, तिच्यावरचे खांब फिरतात आणि प्रत्येक ड्रिल स्वतःभोवती गिरक्या घेते.

तयार लेपाची परीक्षाही साधी आणि बोलकी असते. ठरावीक व्यासाची पोलादी गोळी हिऱ्याच्या बारीक पुडीबरोबर लेपावर फिरवली, की एक उथळ वाटी घासली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात खालचा पाया मध्यभागी आणि लेप कडेभोवतीच्या कड्यासारखा दिसतो, आणि त्या वर्तुळांच्या व्यासांवरून जाडी काढता येते. चिकटपणा पाहण्यासाठी रॉकवेल यंत्राच्या हिऱ्याने लेपावर खोल ठसा उमटवतात. ठशाभोवती केवळ बारीक तडे दिसले तर लेप स्वीकारला जातो, पापुद्रे उडालेले दिसले तर तो नाकारला जातो.

जसा धातू, तसा लेप

सर्व कामांना चालेल असा एक लेप नाही, कारण प्रत्येक धातूची रासायनिक ओढ निराळी आहे. आयएसओच्या वर्गीकरणात पोलादाला निळा, स्टेनलेसला पिवळा, बिडाला लाल, ॲल्युमिनियमसारख्या अलोह धातूंना हिरवा, उष्णतारोधक मिश्रधातूंना तपकिरी आणि कडक पोलादाला करडा रंग दिलेला असतो, आणि इन्सर्टच्या डबीवर तो छापलेला असतो. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातील फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला मशीनिंग करताना त्याच्या पृष्ठावरची कडक साल आणि चिकटून राहिलेली वाळू धारेला ओरखडते, म्हणून तेथे जाड कार्बोनायट्राइड आणि ऑक्साइडचा लेप उपयोगी पडतो. चाकण-भोसरीत मोटारीचे ॲल्युमिनियमचे भाग कापले जातात, तेथे टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडवर ॲल्युमिनियम चिकटून धारेवर गोळा साचतो. म्हणून टायटॅनियम डायबोराइड, हिऱ्यासारख्या कार्बनचा गुळगुळीत लेप किंवा लेपाविना घोटून चकचकीत केलेले कार्बाइड अधिक बरे पडते.

हिऱ्याचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. तप्त तारांनी सक्रिय केलेल्या हायड्रोजन व मिथेनच्या वायूतून कार्बाइडवर खरा हिरा उगवता येतो, आणि ग्रॅफाइट, कार्बन-तंतूंचे संमिश्र व जास्त सिलिकॉनचे ॲल्युमिनियम कापताना त्याला तोड नाही. तरीही जगातील हे सर्वांत कठीण द्रव्य पोलाद कापायला निरुपयोगी ठरते, कारण हिरा हा कार्बन आहे आणि तापलेले लोह कार्बन शोषून घेते. या लेपाआधी पृष्ठावरचा कोबाल्ट आम्लाने काढावा लागतो, नाहीतर तो हिऱ्याऐवजी ग्रॅफाइटच्या वाढीला चालना देतो आणि लेप धरत नाही.

भोक पडलेल्या लेपाचे काम

धारेचे बाजूचे पृष्ठ सहा अंशांनी तिरके असेल, तर ०.३ मिलिमीटर रुंद पार्श्वझीज होईपर्यंत पृष्ठाला लंब दिशेने सुमारे ३० मायक्रॉन द्रव्य झिजलेले असते. चार मायक्रॉनांचा पीव्हीडी लेप त्याआधी कधीच भेदला गेलेला असतो, पट्टी ०.०४ मिलिमीटर रुंद होताच तिच्या मध्यावर उघडे कार्बाइड दिसू लागते. तरीही लेपयुक्त हत्यार बिनलेपाच्या हत्यारापेक्षा कितीतरी अधिक टिकते. याचे कारण झिजलेल्या पट्टीच्या कडांवर सापडते. वरच्या पृष्ठावरचा लेप अजून शाबूत असतो, चिपला खळगा पाडू देत नाही, घर्षण व तापमान खाली ठेवतो, आणि उघड्या पडलेल्या पट्टीला वरून व खालून लेपाची सावकाश झिजणारी किनार धरून ठेवते. ड्रिलला पुन्हा धार लावली, तर टोकाच्या पृष्ठावरचा लेप साफ घासून जातो, पण मळसूत्री खाचेतला लेप राहतो, चिप त्याच्यावरूनच वाहते, आणि म्हणून पुन्हा धार लावलेले सोनेरी ड्रिल साध्या ड्रिलहून सरस चालते. धार लावणाऱ्या कारागिराच्या दगडाखाली सोनेरी रंग टोकाला निघून जातो आणि खाचेत तेवढा चमकत राहतो. हत्याराच्या पुढच्या आयुष्याचा आधार त्या उरलेल्या चमकीतच असतो.